पेमाआजीचे तीन मणी

गोठणगाव, जि. गोंदिया
८ जानेवारी २०२५

प्रिय अनुसूया आत्या,

आधी तुझ्या आणि सोमेश्वरमामांच्या पाया पडते, आणि लगेच कामाचं बोलते. फोनवर तुला माझं काही ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचे मेसेज तू वाचणार नाहीस. म्हणून पत्र, आणि पत्रासोबत एक डबी. डबी उघडायच्या आधी हे पूर्ण वाच.

माझ्या हातून एक माळ तुटली आहे.

माझं आरोग्य उपकेंद्र इथल्या तिबेटी वसाहतीला लागून आहे, हे बाबांनी तुला सांगितलंच असेल. तिथं पेमाआजी नावाच्या एक आजी राहतात. मुलगा-सून बंगळूरला, ह्या इथंच, कोंबड्या आणि एक लंगडं कुत्रं घेऊन. पूर्वी दर थंडीत नांदेडला स्वेटर विकायला बसायच्या, त्यामुळे मराठी येतं. तेसुद्धा दुकानातलं मराठी. मी बीपी बघायला गेले की म्हणतात, "ये ताई, बस, भाव करू नको."

त्यांच्या डाव्या मनगटाला जपमाळ कायम गुंडाळलेली. आधी मला तो दागिनाच वाटला. बाजारात पोरी तसल्या माळा हातात घालून फिरतातच की. आजी म्हणाल्या, दागिना आपल्यासाठी घालायचा, ही दुसऱ्यांसाठी आहे. मण्यामागे मणी सरकवत त्या 'ओं मणि पद्मे हुं' म्हणतात, आणि ते म्हणायचं सगळ्यांचं दुःख हलकं व्हावं म्हणून. शेजारणीचं, कुत्र्याचं, चहात पडलेल्या मुंगीचंसुद्धा. मी विचारलं, "आणि तुमचं?" तर हसल्या. म्हणाल्या, "सगळ्यात मी आलेच ना!" मणी तुमच्या माळेसारखेच एकशे आठ, आणि मोठ्या मण्यापाशी आलं की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. अगदी तुझ्यासारखं.

परवा बीपीचा पट्टा बांधताना माळेचा दोरा त्यात अडकला आणि तटकन तुटला. सगळे मणी खोलीभर. खाटेखाली, कोंबड्यांच्या खुराड्यात, कुठं कुठं शिरून मी ते गोळा केले. आजी म्हणतात दोरा कुजलाच होता. पण मला काही चैन पडत नाही. मग मी छाती फुगवून सांगून बसले, की माझी आत्या औंढ्याला नागनाथाच्या देवळासमोर माळा गाठवते आणि तिनं मारलेली गाठ आजवर सुटलेली नाही. फेब्रुवारीच्या शेवटी लोसार आहे, म्हणजे यांचं नवं वर्ष. त्या सकाळी आजी माळ घेऊन बराच वेळ बसतात. तोवर मिळावी, एवढंच त्यांचं म्हणणं.

शिवरात्रीच्या यात्रेची तुझी धांदल मला ठाऊक आहे. तरी करशील ना?

तुझी,
केतकी


औंढा नागनाथ
२२ जानेवारी

केतके,

आशीर्वाद घे आणि कान इकडं कर.

डबी पोचली. काय बाई एकेक तऱ्हा! जपाची माळ हाताला गुंडाळून कोंबड्यांना दाणे टाकायचे? आमच्यात जपाची माळ गोमुखीच्या पिशवीबाहेर दिसू देत न्हाईत. तुझे मामा म्हणाले, "ज्याचं त्याचं." ते सगळ्यालाच ज्याचं त्याचं म्हणतात, म्हणून तर दुकान मला बघावं लागतं. शेजारचे देविदास गुरुजी बौद्ध आहेत, त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "आमच्यात माळ नसते वैनी, आमी विहारात वंदना म्हणतो, पंचशील म्हणतो. तिबेटच्या लोकांची रीत निराळी." मेरुमणी ओलांडत न्हाईत म्हणतेस, तेवढं मात्र बराबर आहे. लोक शहाणे दिसतात.

आता कामाचं. अगं, किती मळ गं त्या मण्यांवर! काळेकुट्ट. वास तर असा, की आमची मांजर डबीपाशी येऊन बसली. रिठ्याच्या पाण्यात दिवसभर भिजत घातले, मऊ ब्रशनं एकेक घासला, उन्हात वाळवला आणि तिळाच्या तेलाचा हात फिरवला. काय उजळलेत म्हणून सांगू! लेकराच्या गालासारखे झालेत.

आणि एक सांगते. त्यात तीन मणी भलतेच निघाले. एक लाल, एक निळसर, एक पांढरा. पोवळं खरं होतं, पण एका अंगानं पार झिजलेलं. कुणा लबाडानं मणी कमी पडले म्हणून हाताला लागले ते घुसडले असणार, आणि भोळ्या म्हातारीला काय कळतंय. बाकीचे मणी बोधीच्या बियांचे, आणि माझ्याकडं तसल्याच बियांची एक जुनी लड होती. त्यातल्या जोडीला जोड मिळवून तीन घातल्या आणि ते भलते काढून टाकले. आता कुणी भिंग लावून बसलं तरी वेगळ्या ओळखू यायच्या न्हाईत. दोरा रेशमाचा, गोंडा लाल. तुझ्या आजीला म्हणावं, ही माळ तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत तुटत न्हाई.

दुकानात गर्दी सुरू झालीय. तरी तुझं काम आधी केलं, हे ध्यानात ठेव.

आणि खरं सांग, तू पण माळ घेऊन बसायला लागली का? तुझा बाप व्यंकट मलाच विचारील. बसत असलीस तर बस बाई, पण गुडघे दुखेपर्यंत बसू नको.

आत्या


गोठणगाव
५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माळ मिळाली. फार सुंदर झाली आहे. गाठी सुंदर, गोंडाही सुंदर. तुझे आभार कसे मानू कळत नाही. आजींनी तुला नमस्कार सांगितला आहे.

इकडे थंडी अजून आहे. नवेगावच्या तलावावर परदेशातले पक्षी उतरलेत. मागच्या रविवारी मी पाहून आले. मी माळ घेऊन बसत नाही. बाबांना सांग, काळजी करू नका.

जाता जाता एक. ते तीन जुने मणी तू ठेवलेस का? आजी सहज विचारत होत्या.

केतकी


औंढा नागनाथ
११ फेब्रुवारी

केतकी,

एवढ्याशा पत्रात तीनदा सुंदर लिहिलंस. तू लहानपणी माझी बरणी फोडलीस तेव्हा पण दिवसभर "आत्या, तू किती छान दिसते" म्हणत मागं मागं फिरत होतीस.

माझ्या कामात काय खोट निघाली ते सरळ लिही. दोरा तुटला का? गाठ ढिली पडली का? एवढी वर्षं माळा गाठवून राहिले, पण काम पाठवल्यावर कुणी असं पक्ष्यांचं काहीबाही लिहिलं न्हाई मला. अन्न गोड लागेना.

ते मणी माझ्याकडं न्हाईत. सुटे-सुटे मणी मी जिवनबाईला देते. जिंतूर रोडच्या तांड्यावरची, तुला आठवत असंल, आरसे आणि कवड्या लावून काय भरतकाम करते! संक्रांतीनंतर बाजाराला आली होती. नातीचं, मिनाचं, उन्हाळ्यात लग्न आहे, तिच्या ओढणीला रंगाचे मणी पाहिजे होते. मी म्हटलं, घेऊन जा. कशाला पाहिजेत त्या म्हातारीला? काहून विचारते ती?

उलट टपाली लिही. खोटं लिहिलंस तर मला अक्षराच्या वळणावरून कळतं.

आत्या


गोठणगाव
१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

खरं लिहिते. पण आधी हे ऐक, की चूक माझी आहे. डबी पाठवताना मी आजींना मण्यांचं काही विचारलंच नाही. मणी भरले आणि पाठवून दिले.

पेमाआजींना दिसत नाही, आत्या. उजेड कळतो, माणसाची सावली कळते, बाकी नाही. डोळ्यांचं आता काही होण्यासारखं नाही, असं मोठ्या डॉक्टरांनीही सांगून झालंय. मी हे तुला लिहिलं नाही, कारण त्या इतक्या सराईतपणे वावरतात की माझ्याही डोक्यातून ते निघून जातं.

मी मोठ्या उत्साहानं तुझी माळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी मणी चाचपले, थोडे पुढे सरकवले, पुन्हा मागे घेतले. मग माळ नाकाशी धरली. आणि हसून परत माझ्या हातात दिली. "छान आहे ताई. कुणाची आहे?"

मी सांगितलं, तुमचीच. "हो का," म्हणाल्या, आणि माळ घेऊन कपाटात ठेवली. मला वाईट वाटू नये म्हणून त्या दिवशी चहा दोनदा पाजला.

ते तीन मणी कुणी घुसडलेले नव्हते गं. पाव माळ झाली की लाल, अर्धी झाली की निळा, पाऊण झाली की पांढरा. बोट तिथं पोचलं की त्यांना कळायचं कुठवर आलो. आणि नुसतं तेवढंच नाही. पोवळं त्यांच्या आईच्या केसांतलं. तिबेटातून डोंगर उतरून आले तेव्हा आईकडे विकण्यासारखं तेवढंच होतं, तरी तिनं ते विकलं नाही. निळा पिरोजा नवऱ्याचा, ताशींचा. दोघं हिमाचलात रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे, तिथं त्यांनी दिलेला. आणि पांढरा शंखाचा, तो डोल्मा नावाच्या मैत्रिणीचा. नांदेडला दोघींची स्वेटरची दुकानं शेजारी-शेजारी असायची. तिघंही आता नाहीत. आजी म्हणतात, जप सगळ्यांसाठी असतो, पण एवढे सगळे एकदम डोळ्यांपुढे येत नाहीत. म्हणून आधी या तिघांना हात लावायचा, मग त्यांच्या मागून बाकीचे येतात.

आणि तो मळही मळ नव्हता. लोण्याचा, चुलीच्या धुराचा, त्यांच्या हातांचा वास होता तो. त्यावरून त्या माळ ओळखायच्या.

त्या तुला काही बोलल्या नाहीत. मलाही नाही. हे सगळं मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. पण संध्याकाळी गेले की रिकाम्या हातानं बसलेल्या दिसतात, आणि बोटं आपली हलत असतात. लोसार जवळ आलाय. "बोटांवर करेन," म्हणतात.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मी लावून घेतलंय तेवढं पुरे आहे.

तुझी केतकी


औंढा नागनाथ
३ मार्च

चि. केतकी,

तुझं पत्र यात्रेच्या ऐन तोंडावर आलं. दुकानासमोर ही रांग, बेलाच्या टोपल्या, माणूस माणसाला दिसेना, आणि मी आत पोत्यांच्या मागं बसून रडून राहिले. तुझे मामा घाबरले, त्यांना वाटलं कुणी गेलं. पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि पहिल्यांदाच "ज्याचं त्याचं" म्हणाले न्हाईत.

मला शरम वाटली केतके. आंधळ्या बाईची काठी मी घासूनपुसून, तोडून, वर रंग लावून परत दिली, आणि वर तुला लिहिलं की बघ कशी चकाकते! घासताना माझ्या मनात एकदा आलं होतं, की हे पोवळं एकाच अंगानं कसं झिजलं? हात थांबला पण होता. मग म्हटलं, असंल काहीतरी.

यात्रा उलगडली आणि दुसऱ्याच दिवशी मी जिंतूरच्या एसटीत बसले. फाट्यावर उतरले, तिथं जिवनबाईचा पोरगा धर्मसिंग मोटारसायकल घेऊन आला. या वयात एका हातानं पदर आणि एका हातानं त्याचा खांदा धरून तांड्यावर गेले. अख्खा तांडा बघायला उभा! जिवनबाईच्या अंगणात हळद शिजवून वाळत घातली होती. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे.

मी मण्यांचं काढलं तशी तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "अनुसयाबाई, देऊन परत मागून राहिल्या का?"

"व्हय," मी म्हटलं, "मागून राहिले. माझंच चुकलं."

"न्हाई जमायचं. नवरीच्या ओढणीला उसवत असतात का कुठं? तुमाला दुसरे देते. पोतंभर देते."

मी परोपरीनं सांगून बघितलं, पण मला काही नीट सांगता येईना. मग पिशवीतून तुझं पत्र काढलं आणि जोरात वाचायला लागले. मला ऐकू येत न्हाई म्हणून मी जरा जास्तच जोरात वाचते, त्यामुळं तांड्यातल्या बाया गोळा झाल्या. आईच्या केसातलं पोवळं ऐकून त्या चुकचुकल्या. जिवनबाई खाली मान घालून हळद उलथत होती. "रिकाम्या हातानं बसलेल्या दिसतात, आणि बोटं आपली हलत असतात," इथं आले तेव्हा तिनं हात थांबवला.

"पुन्हा वाचा," म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. ती उठली, राखेनं आणि साबणानं हात धुतले, हुंगून बघितले, परत धुतले. आतून ओढणी आणली. केतके, काय काम आहे म्हणून सांगू! लाल कापड दिसतच न्हाई, एवढे टाके. तिनं सुईच्या टोकानं पोवळं उसवलं, पिरोजा उसवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पांढऱ्यापाशी आली आणि थांबली.

"ह्यो न्हाई देता येत, बाई. ह्यो कपाळावरचा. सगळे टाके ह्याच्यापासून फिरत फिरत गेलेत. ह्यो काढला तर अख्खी ओढणी मोकळी व्हईल."

मिना दारात बसून मोबाइल बघत होती. ती म्हणाली, "आजी, दे की काढून. पुन्हा शिव."

"मग लगीन दिवाळीनंतर कर," जिवनबाई म्हणाली. मिनानं पुन्हा मोबाइलात डोकं घातलं.

मी काही आग्रह केला न्हाई. मी पण हातानं काम करणारी बाई आहे, कुठला टाका काढता येतो आणि कुठला न्हाई, मला कळतं. निघताना ती मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. एसटी आली तेव्हा म्हणाली, "त्या बाईला सांगा, मला ठाऊक नव्हतं."

पत्रामागून माळ परत पाठवलीस ते बरं केलंस. ती परत उकलली. पोवळं पाव माळेला, पिरोजा मध्ये. पाऊण माळेच्या जागी एक रुद्राक्ष घातलाय, बोटाला वेगळा लागावा म्हणून. त्यांच्या धर्मात चालत नसला तर काढून टाक, मला वाईट वाटणार न्हाई. वाटंल, पण तुला सांगणार न्हाई. मळ मात्र मला परत लावता येत न्हाई गं. तूप लावू का, चुलीच्या धुरावर धरू का, असं पण मनात आलं. तुझे मामा म्हणाले, "आता हात लावू नको." बराबर बोलले.

लोसार होऊन गेला असंल. म्हातारीचा सण माझ्यामुळं रिकाम्या हातानं गेला, हे मला लागून राहिलंय. त्या काय म्हणाल्या ते जसंच्या तसं लिही. गोड करून लिहू नको.

तुझी आत्या


गोठणगाव
१७ मार्च

माझी लाडकी आत्या,

जसंच्या तसं लिहिते.

पार्सल घेऊन सरळ आजींकडेच गेले. त्या दारात उन्हाला बसल्या होत्या, कुत्रं पायाशी. मी काहीच सांगितलं नाही. नुसती माळ हातात ठेवली आणि निकाल लागायचा असल्यासारखी उभी राहिले.

त्यांनी मोठा मणी शोधला आणि सुरुवात केली. ओठ हलत होते, पण चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, झालं, ही पण कपाटात जाणार. आणि मग बोट पोवळ्यावर आलं. बोट थांबलं. अंगठा त्या झिजलेल्या बाजूवर बरोब्बर जाऊन बसला, आत्या. जणू ती जागा अंगठ्यासाठीच कोरली होती. "आमा," म्हणाल्या. आमा म्हणजे आई. मग मणी कपाळाला लावला आणि तसाच धरून बसल्या. मी आत जाऊन पाणी पिऊन आले.

परत आले तेव्हा त्या पुढे निघाल्या होत्या. पिरोजा आला. "ताशी," म्हणाल्या, आणि त्यांच्या भाषेत त्याला काहीतरी सुनावलं. बहुतेक रागावल्या. इतके दिवस कुठं होतास, असं असणार.

मग रुद्राक्ष आला. बोट त्याच्या खाचांतून फिरलं, पुन्हा फिरलं. आणि त्यांनी मला विचारलं, "ही कोण?"

मी सगळं सांगितलं. तुझी एसटी, मोटारसायकल, जिवनबाईची हळद, तिचं ते "मला ठाऊक नव्हतं". डोल्माचा मणी एका नवरीच्या ओढणीत कपाळावर बसलाय आणि तो काढला तर ओढणीच मोकळी होते, हेही सांगितलं. मला भीती वाटत होती. पण आजी हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला आणि मी पाठ चोळत बसले.

ऐक. डोल्माला लग्नांचा भारी सोस होता. नांदेडला कुठं बँड वाजला की ही दुकान आजींवर टाकून वरात बघायला पळायची. ओळख ना पाळख, नवरीला जवळून बघून यायची, आणि कधीकधी पंगतीत बसून जेवूनही यायची. आजी गिऱ्हाइकं सांभाळत शिव्या घालत बसायच्या. "कपाळावर बसून लग्नाला चालली," आजी डोळे पुसत म्हणाल्या. "तिला आता कोण उठवणार? राहू दे, राहू दे."

रुद्राक्ष चालतो, असं त्या म्हणाल्या. त्यांच्यातही काही जण वापरतात. पण मग तो बोटांत धरून म्हणाल्या, "हा दुकानातला नाही ताई. कुणाच्या तरी हातात फार फिरलाय. धारा गुळगुळीत झाल्यात." मला ठाऊक नव्हतं. कुणाचा आहे, आत्या?

वासाचंही विचारलं. म्हटलं, आत्याला फार वाईट वाटतंय, धुऊन टाकला म्हणून. तर म्हणाल्या, "येईल परत. मी आहे ना अजून."

तुझं नाव त्यांनी मला चारदा म्हणायला लावलं. पूर्ण काही जमलं नाही, "अनसू" एवढंच जमलं. आज सकाळी केंद्रावर जाताना त्यांच्या दारावरून गेले. माळ चालू होती. आमा झालं, ताशी झालं, आणि थोड्या वेळानं अनसू. मी कुंपणापाशी उभी राहून ऐकलं आणि मगच पुढे गेले. आज मी फार खुशीत आहे.

तुझी केतकी


औंढा नागनाथ
२ मे

चि. केतकी,

पत्राला उशीर झाला कारण मिनाचं लग्न होऊ दे म्हटलं, मग एकदमच लिहू.

झालं. काय थाट! उन्हं मी म्हणत होती, पण पोरीनं ओढणी डोक्यावरून उतरू दिली न्हाई. शंखाचा मणी बराबर कपाळाच्या मधोमध. मी जवळ जाऊन नीट बघून आले. जिवनबाईला तुमच्या डोल्माचं सगळं सांगितलं, वराती बघायची, न बोलवता जेवायची, सगळं. ती कमरेवर हात ठेवून हसली. जेवायला बसलो तेव्हा माझ्या शेजारी एक रिकामं ताट मांडलं आणि त्यात भरभरून वाढलं. "हे तुमच्या सोबतच्या बाईचं," म्हणाली. पंगतीतले लोक माझ्याकडं बघून राहिले. ते ताट शेवटी धर्मसिंगनं खाल्लं.

आता तुझ्या आजीच्या प्रश्नाचं. तिच्या बोटांना सगळंच कळतं वाटतं. तो रुद्राक्ष माझ्या जपाच्या माळेतला आहे. माझ्या आईनं लग्नात दिलेली माळ, तुझे बाबा ओळखतील. दुकानात रुद्राक्षाचे ढीग पडलेत, पण त्या दिवशी एकही हातात धरवेना. आपण कुणाचा नवरा, कुणाची आई काढून टाकली, आणि त्या जागी कालच पोत्यातून आलेला मणी घालायचा, हे मनाला पटेना. म्हणून माझी माळ उकलली. तुझ्या मामांना पण आत्ता हे पत्र लिहिताना कळलं. चष्म्यावरून बघून राहिलेत.

माझ्या माळेत त्या जागी मी तुझ्या आजीच्या माळेतून निघालेली बोधीची बी घातलीय. ती गुळगुळीत, बाकी सगळे खाचांचे, त्यामुळं रोज पहाटे बोट तिथं अडतं. आणि केतके, नागनाथाचं नाव घ्यायच्या आधी तोंडातून "पेमा" निघतं. पहिल्या दिवशी दचकले. चार दिवस सुधारून बघितलं. आता म्हणते आणि पुढं सरकते.

तिला सांग.

तुझी आत्या,
अनसू